मालक, चालक आणि एकतीस पंक्चर

चाकणच्या एका शेठकडे मी चौदा वर्षं ट्रक चालवला आणि चौदा वर्षं मनाशी एकच गोष्ट घोकली, की मालकाला काय कळतं? स्टेअरिंग माझ्या हातात, उसण माझ्या मानेत, कंपनीच्या गेटवर वॉचमनची बोलणी मी खायची आणि पंख्याखाली बसून भाडं मोजायचं त्यानं. या हिशोबानं मी स्वतःची गाडी घेतली तर शेठच्या दुप्पट कमावणार, हे कुणालाही पटावं. मला पटलं. बायकोला पटलं नाही.

बायको कुरुळीत कंपनीतल्या पोरांचे जेवणाचे डबे चालवते. आम्ही मूळचे परभणीकडचे. गावाकडून येताना आणलेली भाषा तिनं अजून सोडलेली नाही आणि हिशोबाच्या बाबतीत ती सख्ख्या भावालाही सोडणार नाही. एका चपातीला पीठ किती, तेल किती, गॅस किती, हे ती झोपेतही सांगेल. जुन्या सहाचाकी गाडीसाठी सुरुवातीला भरायचे पैसे तिच्या भिशीतून आले, म्हणून गाडी तिच्या नावावर झाली. कागदावर काय, कुणाचंही नाव असतं, असं म्हणून मी दारावर मोठ्या अक्षरात 'मालक-चालक' असं रंगवून घेतलं. पेंटरनं पाचशे घेतले. त्या पाचशेवरून पहिलं भांडण झालं.

दुसरं भांडण झालं नाही, कारण तिनं सरळ नियमच सांगितला. आमच्या आळीत स्वतःच्या गाड्या चालवणारे चारपाच जण होते. खिशात आले ते आपले, असा त्यांचा कारभार. भाडं आलं की मटण, हप्त्याची तारीख आली की उसनवारी. बायको म्हणाली, आपल्याकडं असं चालणार नाही. गाडीचा मालक निराळा आणि ड्रायव्हर निराळा. ड्रायव्हरला महिना सोळा हजार पगार आणि दर खेपेला पाचशे भत्ता. बाकी भाडं मालकाचं, आणि डिझेल, टोल, टायर, विमा, बँकेचा हप्ता हेही मालकाचंच. वर्षभर असं चालवायचं. वर्ष संपताना मालक तोट्यात निघाला तर गाडी विकायची आणि ड्रायव्हरनं गुपचूप शेठकडं परत जायचं.

तिनं स्टीलचे दोन डबे आणले. एकावर चिकटपट्टी लावून लिहिलं 'मालक', दुसऱ्यावर 'ड्रायव्हर'. मला हे भलतंच आवडलं. आयुष्यात पहिल्यांदाच माझ्याकडे नोकर होता.

सुरुवातीचे दोन महिने मी केबिनमध्ये एकटाच दोघांचं बोलत असे. मालक सांगायचा, साठच्या वर जाऊ नकोस, गाडी डिझेल पिते. ड्रायव्हर म्हणायचा, मग उशीर झाला की ओरडू नका. ड्रायव्हरला चहा हवा असे, मालक म्हणे आत्ताच तर घेतलास. एकदा शिक्रापूरजवळ मालकानं ड्रायव्हरला इतकं झापलं, की शेजारून जाणाऱ्या मोटारसायकलवाल्यानं वळून पाहिलं, आणि मी मोबाइल कानाला लावल्याचं नाटक केलं.

पण मालक होणं म्हणजे काय, हे मला महिनाभरात समजलं. चाकणहून वाळूजला गाडीचे सुटे भाग न्यायचे आणि येताना मिळेल ते आणायचं, असं माझं काम. भाडं ठरवतो ट्रान्सपोर्टवाला. निघताना थोडे पैसे हातावर ठेवतो. बाकीचे कधी? तर माल पोचल्याची सहीशिक्क्याची पावती, म्हणजे पोच, परत आणून दिल्यावर. पोच दिली की तो म्हणतो, साहेब सुट्टीवर आहेत. साहेब आले की म्हणतो, शिक्का पुसट आहे. अशानं दीड महिना जातो. बँकेला मात्र पाच तारीख कळते, शिक्का कळत नाही. कंपनीच्या गेटवर गाडी दोन दिवस उभी राहिली तर त्या दोन दिवसांचं कुणी काही देत नाही. परतीला माल मिळाला नाही तर रिकामी गाडीही तेवढाच टोल भरते. शेठ पंख्याखाली बसून हेच मोजत होता, हे मला आत्ता कळत होतं, आणि मला त्याचा थोडा रागच आला. सांगायचं तरी.

मालकाचे हाल बघून ड्रायव्हरला दया यायला हवी होती. ती आली नाही. उलट तिसऱ्या महिन्यात ड्रायव्हरनं मालकाला लुटायला सुरुवात केली.

हे कसं झालं ते नीट सांगतो, कारण अजून कुणाला खरं वाटत नाही. दुसऱ्याच्या गाडीवर काम करणारा ड्रायव्हर खर्चाच्या वहीत थोडं वाढवून लिहितो. त्याला कुणी चोरी म्हणत नाही, वरकड म्हणतात. न झालेलं पंक्चर, न दिलेली हमाली, न घेतलेलं ग्रीस. सुप्याच्या अलीकडे एक पंक्चरवाला आहे. त्याच्याकडून मी शेठच्या काळात कोऱ्या पावत्यांचं पुस्तकच आणलं होतं. एक दिवस खेपेचा खर्च लिहिताना माझ्या हातानं आपोआप लिहिलं, पंक्चर, तीनशे. चौदा वर्षांची सवय. लिहून झाल्यावर माझ्या लक्षात आलं, की अरे, हा शेठ नाही, हा मीच आहे. खोडायला पेन उचललं. पण वहीत खाडाखोड दिसली तर बायको दहा प्रश्न विचारणार. म्हणून तसंच ठेवलं, पावती जोडली आणि तीनशे रुपये सीटखालच्या पान्यांच्या पेटीत टाकले.

पुढच्या खेपेला खोडायचा प्रश्नच आला नाही, आणि हळूहळू पंक्चरच्या जोडीला खोटी हमाली आणि खोटं ग्रीसही वहीत येऊ लागलं.

खरं सांगतो, त्या पेटीत पैसे टाकताना मला फार आनंद व्हायचा. मालकाला फसवल्याचा जो जुना आनंद असतो, तोच. त्यातून कधी भजी खाल्ली. कधी सीटला नवी कव्हरं घेतली, आरशाला गोंडे लावले, म्हणजे मालकाचे पैसे चोरून मालकाचीच गाडी सजवली. बाकीचे पेटीतच राहिले, कारण घरी नेले तर कुठून आणले हे सांगावं लागलं असतं.

अकरावा महिना संपला तेव्हा बायकोनं बेरीज केली. मालक अठ्ठावीस हजारांनी तोट्यात होता आणि विम्याची तारीख डोक्यावर आली होती. तिनं आवाज चढवला नाही. दोनदा बेरीज तपासली आणि म्हणाली, ठरल्याप्रमाणं करू. मीच शेठला फोन केला. तो म्हणाला, पुढल्या आयतवारी येतो, गाडी घेतो आणि तुलाच तिच्यावर ठेवतो. फोन ठेवल्यावर मी बाहेर जाऊन दारावरची अक्षरं बघत उभा राहिलो. पेटीतले पैसे काढून दिले तर गाडी वाचत होती, हे मला कळत होतं. पण काढायचे म्हणजे सांगायचं, आणि सांगायचं म्हणजे काय, की मी स्वतःच्या घरात चोरी केली?

त्याच आठवड्यात मोठ्या कंपनीला शटडाउन लागला, म्हणजे आठवडाभर काम बंद. डब्याची पोरं गावी गेली आणि बायको मोकळी झाली. म्हणाली, गाडी जायच्या आधी एक खेप मीही येते, नुसता कागदच बघितलाय. मला वाटलं, वहीत दर दोन-तीन खेपांना निघणारं पंक्चर नेमकं ती बरोबर असताना निघालं नाही तर? म्हणून मी माझ्या आयुष्यातला सर्वात हुशार विचार केला. सुप्याच्या अलीकडे त्याच पंक्चरवाल्याजवळ गाडी बाजूला घेतली, मागच्या टायरवर लाथ मारली आणि म्हणालो, गेलं वाटतं. मग पळत पुढं जाऊन पंक्चरवाल्याच्या कानात सांगितलं, की टायर खोल, ट्यूब काढ, ठिगळ लाव आणि पैसे घे. त्याला वाटलं मला ऊन लागलंय. पण गिऱ्हाईक ते गिऱ्हाईक.

त्यानं टायर खोलला. बायको दुकानाच्या पाटीकडे बघत होती. पावत्यांवरचं नाव तिनं ओळखलं आणि तिला एकदम आपुलकी वाटली. टपरीवरून तीन चहा घेऊन आली, एक त्याच्या हातात दिला आणि म्हणाली, दादा, तुमचे लई उपकार, वर्षात एकतीस वेळा आमची गाडी तुम्हीच नीट करून दिली.

पंक्चरवाल्यानं चहा खाली ठेवला. माझ्या खुणा त्याला दिसत होत्या. मी डोळे मोठे करत होतो, मानेनं नाही म्हणत होतो. पण त्याच्या कामालाच कुणी नाव ठेवल्यासारखं त्याला झालं.

"एकतीस? वहिनी, माझ्या हातचं पंक्चर परत निघत नाही. ही गाडी तर मी आज पहिल्यांदा बघतोय."

ट्यूब पाण्याच्या टबात होती. बायको वाकून पाण्याकडे बघत राहिली. एकही बुडबुडा आला नाही. मग तिनं माझ्याकडे बघितलं. मी टबाकडे बघत होतो, कारण बघायला दुसरं काही नव्हतं. पंक्चरवाल्यानं चांगल्या ट्यूबवर ठिगळ लावून तीनशे रुपये घेतले. खोट्या पंक्चरसाठी खरे पैसे मोजण्याची ती माझी पहिलीच वेळ.

नगर सुटल्यावर मीच गाडी बाजूला घेतली, सीट उचलली आणि पेटी तिच्या मांडीवर ठेवली. तेलकट फडक्यात एक्केचाळीस हजार सहाशे रुपये निघाले. मी सगळं सांगितलं. तिला राग येईल म्हणून मी दाराच्या बाजूला सरकून बसलो होतो. तिला राग आला नाही. तिला काही केल्या एकच गोष्ट कळेना.

"पण कामून? तुमचंच घेऊन तुम्हीच ठेवायलात, तर मिळालं कोणाला?"

तिनं पैसे मोजले, तोटा वजा केला आणि म्हणाली, वर्षाचे तेरा हजार सहाशे उरले. तेवढे तिला डब्यांतून एका महिन्यात सुटतात.

रविवारी शेठ आला. चाकणचा जुना गावकरी, पांढरी टोपी, खिशात विसाराची नोटांची गड्डी. गाडीभोवती एक फेरी मारली, टायरला हात लावला, चहाला बसला. गाडी का विकायची होती आणि काय निघालं, हे बायकोनं त्याला सरळ सांगून टाकलं. माझी मान खाली. मला वाटलं, आता तो चौदा वर्षांचं उकरून काढणार. तो बशीतला चहा फुंकत हसला.

"माज्याकडंबी हेच करायचा. मला म्हाईत व्हतं की. म्हनून तर पगार दोन हजारांनी कमी धरला व्हता. समदेच धरत्यात."

म्हणजे चौदा वर्षं मी शेठला फसवत होतो तेव्हा माझेच पैसे मला चोरून घ्यावे लागत होते, आणि वर मी स्वतःला चलाख समजत होतो. मला लाज वाटली, आणि लाजेपेक्षा जास्त राग आला. कुणाचा, ते ठरवता येईना.

शेठनं विचारलं, मग व्यवहाराचं काय? मी बायकोकडे पाहिलं, कारण कागद तिच्या नावावर होता.

"गाडी विकायची नाही," ती म्हणाली. "ड्रायव्हर पाहिजे असंल तर न्या."

शेठनं मला वरपासून खालपर्यंत नीट निरखलं. बाजारात बैल बघतात तसं. बशी खाली ठेवली.

"न्हाई बाई. त्यो तुमालाच ऱ्हाऊ द्या."

दोघंही हसले. मी हसायला तोंड उघडलं, पण हसू आलं नाही. अठ्ठेचाळीस वर्षांचा माणूस, एकही अपघात नाही, आणि माझ्या देखत दोन मालक मला एकमेकांच्या गळ्यात मारायला बघत होते.

शेठ गेल्यावर बायकोनं वही उघडली. मला वाटलं आता पगार कापणार. तिनं भत्त्याचे पाचशे खोडून आठशे केले, ड्रायव्हरच्या डब्यात तीनशे जास्तीचे टाकले आणि वही माझ्यापुढे सरकवली. म्हणाली, तुम्हाला खरंच लागत असतील, तर मागायचे. चौदा वर्षांत मला हे कुणी म्हणालं नव्हतं, आणि मीही कधी कुणाला मागून पाहिलं नव्हतं. मी पैसे मिळाल्याची सही केली आणि गाडीचं पाणी बघून येतो म्हणून घाईघाईनं बाहेर गेलो, कारण मालकिणीसमोर रडणारा ड्रायव्हर बरा दिसत नाही.