सेन्योराच्या आजोबांचा कालदेरेता

स्पेनची जुनी वसाहत असलेल्या बेटावरच्या ताल गावी सेन्योरा मिलाग्रोसच्या घरी ओस्यांग कामाला लागली तेव्हा चौदा वर्षांची होती, सुटली तेव्हा पासष्टची. मधली एक्कावन्न वर्षं तिनं त्या घराला खाऊ घातलं.

ती आली तेव्हा युद्ध नुकतंच संपलं होतं. जुनी स्वयंपाकीण युद्धात दगावलेली. नव्यानं घराची मालकीण झालेल्या सेन्योरानं ओस्यांगला सांगितलं, "आमच्या आजोबांनी स्पेनहून आणलेला कालदेरेता कर. मांस, टोमॅटो, ऑलिव्हचं तेल."

तेल नव्हतं. गुरं सैनिकांनी खाल्ली होती. होता तो एक म्हातारा बोकड, आणि त्याला असा वास की नाक धरावं. ओस्यांगनं मांस व्हिनेगरनं धुतलं, वर जिनची दारू ओतून मुरत ठेवलं. रस्सा पाणचट झाला म्हणून बोकडाचीच कलेजी उकडून, कुटून त्यात घातली. मिरच्या घातल्या मूठभर. तो मूळचा स्पेनचा रस्सा तिनं जन्मात चाखला नव्हता, त्यामुळे बिघडण्याची भीतीही नव्हती.

सेन्योरानं दोनदा वाढून घेतलं. "अगदी आजोबांच्या घरचा!" म्हणाली. ओस्यांग आत जाऊन तोंडावर हात दाबून हसली. तेव्हा तिला हसू येत होतं.

पुढं तो कालदेरेता गावभर गाजला. संत मार्टिनच्या जत्रेला बिशपसुद्धा जेवून जायचे. एका वर्षी स्पेनमधल्या सेविलाहून सेन्योराचे लांबचे भाऊ, डॉन फर्मिन, आले. पहिला घास घेऊन म्हातारा थांबला.

"झकास आहे. पण मिलाग्रोस, हे आमच्याकडचं नव्हे. कलेजी आहे ना यात? आणि हा जाळ मिरचीचा! कुणी केलं?"

ओस्यांग भाताचं भांडं घेऊन शेजारीच उभी होती. घरात इतकी वर्षं काढून एवढं स्पॅनिश तिला कळत होतं. आता सेन्योरा आपल्याकडे हात करील, म्हणेल, हिनं.

"आमच्या आजोबांच्याच पद्धतीचं आहे ते," सेन्योरा म्हणाली. "ओस्यांग नुसती ढवळते. ओस्यांग, भात वाढ."

ओस्यांगनं भात वाढला.

त्यानंतर सेन्योरानं आजोबांचा म्हणून तो रस्सा वाखाणला की ती आत जाऊन भांडी आपटायची. लग्न केलं नाही. या घरातून उसंतच मिळाली नाही. शेवटच्या वर्षी सेन्योराची सून पिलिता वही घेऊन स्वयंपाकघरात बसली. "सांगा ना, किती व्हिनेगर, किती वेळ." ओस्यांगनं सगळं सांगितलं, हातचं राखून काही ठेवलं नाही. त्या वहीवरून पाककृतींचं पुस्तक छापून आलं. वर आजोबांचा मिशाळ फोटो. ओस्यांगला वाचता येत नव्हतं, म्हणून आत आपलं नाव शोधायला तिनं भाचीला बसवलं.

"नाही गं मावशी. कुठंच नाही."

"नीट बघ. शेवटच्या पानावर?"

"तिथं छापखान्याचं नाव आहे."

काम सुटल्यावर ती जवळच्या लेमेरी गावी बहिणीकडे राहायला गेली. शेजारच्या लग्नात तिनं तोच कालदेरेता केला. लोक बोटं चाटत म्हणाले, "वा! मोठ्या घरची चव हुबेहूब चोरून आणलीस की!" ओस्यांगनं पुढचं ताट वाढायला घेतलं. सांगणार कुणाला? पुस्तक त्या मोठ्या घराच्या नावानं छापलेलं होतं.

पाच वर्षांनी सेन्योरा वारली. दफनानंतरच्या जेवणासाठी पिलितानं गाडी पाठवली. ड्रायव्हर म्हणाला, "बाई म्हणतात, तुमच्याशिवाय होणार नाही."

"का? पुस्तक आहे ना," ओस्यांग म्हणाली. "वाचता येतं त्यांना. माझे गुडघे दुखतात."

गाडी रिकामी परत गेली. ओस्यांग सकाळभर अंगणात बसून राहिली. तिकडं मांस वातड होईल, रस्सा फाटेल, दोनशे माणसं ताटाशी थबकतील, मग कुणीतरी विचारील, ओस्यांग कुठाय? हे तिनं मनात इतक्यांदा पाहिलं की खरंच वाटू लागलं.

दुपारी भाची त्या दफनाच्या जेवणाहून परतली.

"कसा झाला होता?"

"कालदेरेता? फक्कड, मावशी. अगदी तुझ्यासारखा. पुस्तकात बघूनच केला म्हणे नव्या स्वयंपाकिणीनं."

"मांस शिजलं होतं?"

"लोण्यासारखं."

ओस्यांगनं मान हलवली. "बरं झालं," म्हणाली आणि आत जाऊन भिंतीकडे तोंड करून पडली.