बोटांनी लावलेला फोकस

फोटोमास्तरांच्या पायाला त्या वर्षी जी भिंगरी लागली, ती काही केल्या थांबेना. उभा जन्म स्टुडिओत लोकांना 'हनुवटी खाली, हनुवटी खाली' करण्यात गेलेला माणूस. आणि आता म्हणे पाण्याखालचे फोटो काढायचे, हिरवी पानं पांढरीशुभ्र येतात ते इन्फ्रारेड फोटो काढायचे! सकाळी तलाव, दुपारी बाग, घरात आले तरी या खोलीतून त्या खोलीत. "अहो, जरा बूड टेकवा," बायको म्हणायची, तर ते उभ्यानेच चहा संपवून बाहेर.

खरं कारण फक्त मास्तरांना ठाऊक होतं. नजरेच्या बरोब्बर मध्यभागी एक करडा डाग बसला होता. कडेचं सगळं लख्ख, पण ज्याच्याकडे पाहावं तेच नेमकं गायब. स्टुडिओत एका गिऱ्हाइकाचे कान स्पष्ट आणि डोळे पुसट आले, तेव्हा त्यांनी कॅमेऱ्यावर खापर फोडलं. पुढच्या वेळी दिव्यांवर. आपोआप फोकस लावणारा नवा कॅमेराही आणून पाहिला, पण तो माणसावर लागला की मागच्या पडद्यावर, हेच कळेना. बायकोला सुगावा लागला असता, तर तिने त्याच दिवशी स्टुडिओला कुलूप ठोकलं असतं. मग आपण दिवसभर करायचं काय? या एका प्रश्नाने त्यांचा जीव टांगणीला लागला होता.

अशात माळ्यावर जुन्या लेन्स सापडल्या. जडशीळ, हाताने फिरवायच्या, रिंगवर अंतराचे आकडे कोरलेले. मास्तरांनी बायकोचं नेलपॉलिश पळवून रिंगच्या आणि मोजायच्या टेपच्या एकेका आकड्यावर ठिपका दिला. आता बोटांना आकडे वाचता येत होते. इन्फ्रारेडसाठी तर लेन्सवर इतका काळा फिल्टर चढवायचा, की कॅमेऱ्यातून कुणालाच काही दिसत नाही. टेपने अंतर मोजा, आकडा लावा, मग तो लेन्सवरच्या लाल खुणेपर्यंत किंचित सरकवा, कारण इन्फ्रारेड उजेडाचा फोकस नेहमीच्या उजेडाच्या जागी जुळत नाही. पाण्याखालीही तेच. फोकस आधीच लावून कॅमेरा काचेच्या पेटीत बंद करायचा आणि काठीला बांधून खाली सोडायचा. कॅमेऱ्याला डोळा लावायचा प्रश्नच नाही. मास्तरांना हायसं वाटलं.

पोहायला शिकवणाऱ्या कोचबाईंना, शिकणाऱ्यांचे पाय पाण्यात कसे हलतात ते बघायचं होतं. मास्तरांनी टेप लावून चार फूट मोजले, लेन्सवर चार लावले, आणि सगळ्या फोटोंची पार खिचडी झाली.

"मास्तर, पाण्यात सगळं जवळ दिसतं," कोचबाई हसत म्हणाल्या. "नवा माणूस पायरीला हात घालतो आणि हात पाण्यातच राहतो."

म्हणजे लेन्सलाही जवळच दिसणार की! मास्तरांनी स्वतःला दोन शिव्या हासडल्या आणि तीन फूट लावले. "अहो, पायाची बोटं मोजून घ्या एकेकाची," नवे फोटो बघून कोचबाई म्हणाल्या, आणि दर आठवड्याचं काम पक्कं झालं. मास्तरांना मात्र त्या रात्री झोप लागली नाही. किती दिवस खपणार हे?

"जगाचे फोटो काढता, माझा एक काढवत नाही तुम्हाला," बायकोने शेवटी तोंड उघडलं. नाही कसं म्हणणार? बागेत बाकावर तिला बसवलं, टेप तिच्या गुडघ्यापर्यंत नेला, आकडा लावला, लाल खुणेशी सरकवला. "हलू नकोस हं, काळ्या फिल्टरमधून उजेड यायला मिनिटभर लागतं." कळ दाबली आणि मान खाली घालून मनात आकडे मोजले. "झालं."

दोन दिवसांनी फोटो छापून आला. मास्तरांनी टेबलाशी बसून तो हातात धरला. वरची पानं कापसासारखी, आकाश काळंभोर, बाकाचा हात कसा कोरून काढलेला. ऊर भरून आला त्यांचा. "बघ, किती छान आलीयेस. चष्म्याची काडीसुद्धा दिसतेय."

समोर बसलेल्या बायकोने फोटो घेतला.

"मी नाहीये यात," ती म्हणाली. "तुम्ही कळ दाबलीत आणि लगेच कुत्र्याने माझी चप्पल पळवली. मी उठून त्याच्या मागे गेले. मला वाटलं, तुम्ही बघितलंत."

कुत्र्यावर, चपलेवर खापर फोडायला मास्तरांनी तोंड उघडलं, पण बायकोने आधीच विचारलं.

"कधीपासून?"

"पावणेदोन वर्षं झाली. कडा दिसतात. मधलं दिसत नाही."

"म्हणजे मी रोज तुमच्यासमोर बसून जेवते ते—"

"आवाजावरून कळतं मला," मास्तर म्हणाले. "स्टुडिओ बंद करू नकोस."

ती उठली. खुर्ची ओढत टेबलाला वळसा घालून त्यांच्या डाव्या हाताला आणली आणि धपकन बसली.

"आता?"

मास्तर मान न वळवता समोरच्या भिंतीकडे बघत राहिले.

"आता दिसतेस," ते म्हणाले. "केस पांढरे झाले की गं तुझे."