सुविधा परब कोण?

आमचे हे संशयी. म्हणजे किती? सकाळी पोदेर पाव घेऊन आला की हे त्यातला गोल उंडा दाबून बघणार, चपटी पोय उलटी करून बघणार आणि वर "कालचो मरे हो?" म्हणून विचारणार. बाजारात बांगड्याचे कल्ले उचलून बघतात, मग मासेवालीच्या तोंडाकडेही तसंच बघतात. पेडण्याच्या बाजारात यांच्याबरोबर जायचं मी कधीच सोडलं. लाज वाटते हो!

देवाने नोकरीही अगदी शोधून दिली. हे एका वैद्यकीय कॉलेजात ग्रंथपाल. तिथल्या डॉक्टरांना बढती हवी असली की त्यांनी किती शोधनिबंध लिहिले, आणि जगातल्या इतर संशोधकांनी आपल्या लिखाणात त्यांचा किती उल्लेख केला, ते हे तपासतात. त्याचा एक आकडा असतो, एच-इंडेक्स. दहा निबंध असे, की प्रत्येकाचा निदान दहा ठिकाणी उल्लेख झालाय, तर आकडा दहा. नुसतं ढीगभर लिहून भागत नाही, कुणीतरी दखल घ्यावी लागते. "आणि स्वतःच स्वतःचे उल्लेख करून आकडा फुगवणारे काय कमी आहेत?" हे समजावताना यांचे डोळे नुसते चमकत होते.

गेल्या वर्षी डिचोलीच्या डॉक्टर गौरवी शेट्ये यांचा प्राध्यापकपदासाठी अर्ज आला. शिरगावच्या बाजूला खाणीच्या धुळीने माणसांच्या फुप्फुसांचं काय होतं, ते ही बाई वर्षानुवर्षं तपासत आलेली. शनिवारी दुपारी हे घरी आले ते मिशीतल्या मिशीत हसत.

"चोर सापडला," पाटावर बसता बसता म्हणाले.

"कोण?"

"गौरवी शेट्ये. अर्जातले निम्मे निबंध तिचे नाहीतच. सुविधा परब म्हणून कोणी आहे, तिचे. तेही कसले? ज्यांचा सगळीकडे उल्लेख होतो, नेमके ते! ते काढले तर हिचा आकडा पाचावर येतो. प्राध्यापकपद सोडच, आहे ती नोकरी राहिली तर नशीब. सोमवारी अहवाल देतो."

"त्या परबबाईला विचारलंत?"

"कुठे विचारू? ती गायब आहे. बारा वर्षांपूर्वी एकाएकी लिहायची थांबली. आणि त्याच साली ही गौरवी उगवली." यांनी आवाज खाली आणला. "मला तर वेगळाच वास येतोय गो. हिने तिचं काहीतरी केलं असणार."

माझ्या हातातली सोलकढीची वाटी तशीच राहिली. आधी हसू आलं, मग असा राग आला म्हणता!

"अहो, लग्न झालं असेल तिचं!"

"लग्न झालं तर आडनाव बदलेल. सुविधाची गौरवी कशी होईल?"

"माझं काय झालं मग?" मी ओरडलेच. "मांडवात ताटभर तांदळावर अंगठीने 'जानकी' कोणी लिहिलं? तुमच्या आईने नाव निवडलं, तुम्ही लिहिलं, सगळ्यांना साखर वाटली. त्याआधी मी काय बिननावाची हिंडत होते?"

"तसं नव्हे गो..."

"मग सांगा. माझं माहेरचं नाव काय?"

यांनी भात कालवला. परत कालवला. "कुमुद?"

कुमुद यांची मावसबहीण! उंडा आजचा की कालचा ते नुसतं दाबून सांगणारा हा माणूस, आणि तीस वर्षांच्या संसारात बायकोचं नाव ठाऊक नाही. मी आत निघून गेले. नाव काही सांगितलं नाही. शोधा म्हटलं, शोधायचाच पगार घेता ना.

संध्याकाळी यांनी डॉक्टरबाईंना फोन लावला. "सुविधा परब मीच," त्या म्हणाल्या. "लग्नात नाव बदललं. आपल्या गोव्यात हे कुणाला सांगावं लागेल असं मला वाटलंच नाही." वर म्हणाल्या, "खरं सांगू? लोक अजून तिचेच निबंध वाचतात. कधीकधी मलाही वाटतं, ती बाई माझ्यापेक्षा हुशार होती."

तरी यांनी लग्नाचा दाखला मागितलाच! सोमवारी तो उजेडात धरून, उलटासुलटा करून बघितला आणि मगच दोन्ही नावं एकत्र जोडली. आकडा अकरा झाला. बाई प्राध्यापक झाल्या.

घरात मात्र अबोला. तसंही हे मला नावाने कधी हाक मारत नाहीत. 'आयकलं गो', एवढंच.

मग एका सकाळी मी नारळ खोवत बसले होते. पुढच्या बलकांवातून, म्हणजे ओसरीवरून, यांचा आवाज आला, अगदी मऊ. "रूपाली! ए रूपाली!"

माझं टाळकंच सरकलं. ही कोण आता? या वयात? इतक्या लाडाने मला कधी बोलावलं नाही या मेल्याने! खोबरं तिथंच टाकून मी तरातरा बाहेर आले.

बलकांवात दुसरं कुणीच नव्हतं. हे एकटेच उभे होते. हातातल्या फोनवर माझा बांद्याचा भाऊ बोलत होता, "होय होय, ताच नाव."

माझंच नाव होतं ते. आणि मी त्या बाईला हाकलायला बाहेर आले होते.