उपडा पेला

गजानन नागवेकर गेल्या डिसेंबरात एका मंगळवारी सकाळी रत्नागिरीत, मांडवीच्या रस्त्यावरच्या राहत्या घरी वारले. घराच्या पुढच्या भागात त्यांचा 'लंगर' नावाचा बार होता. त्या दिवशी तो उघडला नाही. बातमी घेऊन पांडू तांडेल आमच्या वर्तमानपत्राच्या कचेरीत आले. पांडू मच्छीमार बोटीवरचे म्होरके आणि 'लंगर'चं पहिलं गिऱ्हाईक. दारातच उभे राहून म्हणाले, "गजाभाऊ गेले. पेपरात द्यायचं असंल तर दे... पण दारूवाला म्हणून लिवू नको." दुसऱ्या दिवशी चार ओळी छापून आल्या. त्यात 'निवृत्त खलाशी' असा उल्लेख होता आणि तो बरोबर होता. पण मांडवीच्या बाजूची माणसं त्यांना ज्यासाठी ओळखत, ते त्या चार ओळींत आलेलं नव्हतं.

गजाभाऊंचे वडील माडांवर चढून माडी काढत. दारूबंदी आली, माडांवरची मडकी उतरली आणि गजाभाऊ पोरसवदा वयातच मुंबईला जाऊन बोटीवर लागले. साध्या खलाशापासून सुरुवात करून ते सारंग झाले, म्हणजे डेकवरच्या खलाशांचे मुकादम. एकदा त्यांचं जहाज दुरुस्तीसाठी लिव्हरपूलच्या गोदीत अख्खा हिवाळा अडकून पडलं. गोदीच्या भिंतीला लागून एक लहानसा पब होता. एक म्हातारी विधवा तो चालवायची. तिच्या पाठीमागे लाकडी फळी होती, फळीखाली हुकांची रांग होती आणि नेहमी येणाऱ्या प्रत्येक माणसाचा स्वतःचा पेला त्याच्या त्याच्या हुकाला टांगलेला असे. वाटसरूला काचेचा ग्लास, रोजच्या माणसाला त्याचा पेला. गजाभाऊ सगळा हिवाळा ग्लासातून प्याले. जहाज निघायला थोडे दिवस उरले असताना एका संध्याकाळी ते आत शिरले, तर एका हुकाला चिनी मातीचा नवा पेला टांगलेला होता. पांढरा, निळ्या काठाचा, जाड कानाचा. म्हातारीनं त्यात बिअर ओतून त्यांच्यापुढे सरकवला. निघताना तोच पेला तिनं त्यांना कागदात गुंडाळून दिला. "बारा बंदरांचं पाणी प्यालोय मी," गजाभाऊ सांगायचे, "पण माझ्या नावाचा हूक तिथं पयल्यांदा बघितला."

ऐंशीच्या सुमारास ते नोकरी सोडून घरी आले आणि परमिट रूमचा परवाना काढला. शालिनीवहिनींना, त्यांच्या पत्नीला, हे मुळीच पसंत नव्हतं. "मी पुढच्या दारानं तुमच्या त्या दुकानात पाय ठेवायची नाय," असं त्यांनी सांगितलं आणि ते पाळलं. त्यांचा वावर मागच्या स्वयंपाकघरात. तिथून तळलेली मांदेली आणि तिसऱ्यांचं सुकं बाहेर येई आणि काही माणसं केवळ त्यासाठी येत. गजाभाऊंनी फणसाच्या लाकडाची फळी करून घेतली, तिच्याखाली पितळी हूक ठोकले. पेले साधे, पांढऱ्या एनॅमलचे. मिरकरवाड्यात बोटींवर नावं रंगवणाऱ्या पेंटरनं त्यांच्यावर माणसांची नावं रंगवली, बोटींवर घालतो तशीच, लाल सावली देऊन. त्या रांगेत चिनी मातीचा पेला एकच. दारावरच्या पाटीवर 'लंगर' आणि खाली 'इंग्लिश पब' असं होतं. परवाना तपासायला आलेल्या साहेबांनी खालचे शब्द काढायला लावले, कारण कागदावर तसं काही नव्हतं. गजाभाऊंनी त्यावर पांढऱ्या रंगाचा एकच हात दिला. ऊन पडलं की खालची अक्षरं दिसत. बंद करायच्या वेळी ते जहाजावरची पितळी घंटा वाजवून म्हणत, "चला, उठा रे... घरात माणसं वाट बघतायत."

'लंगर' ज्या नियमासाठी ओळखला जाई, तो पहिल्याच वर्षी झाला. पांडूंची बायको रखमा दुपारी स्वयंपाकघराच्या दाराशी आली आणि तिथूनच ओरडायला लागली. पोरगं तापानं फणफणलेलं, घरात औषध नाही आणि घोव इथं बसलेला. आत पंधरा-वीस माणसं होती. पांडू मान खाली घालून बसून राहिले. शालिनीवहिनींनी हातातली कालथी खाली ठेवली, रखमाचा हात धरला आणि तिला काउंटरच्या मागच्या बाजूनं आत आणलं. फळीकडे बोट दाखवून विचारलं, "ह्यात तुझ्या घोवाचा कुठला?"

"मना कुठं वाचता येतंय?"

"तो तिसरा. काढ. आणि ठेव वर उपडा."

रखमानं पेला हुकावरून काढला आणि फळीवर उपडा ठेवला. गजाभाऊंनी एकदा बायकोकडे पाहिलं, एकदा फळीकडे. मग पांडूंना म्हणाले, "उठ तांडेला. औषध घेऊन घरी जा."

"अवो, ग्लासात द्या की! पेला उपडा झालाय, मी कुठं उपडा झालोय?"

"रोज आणखी एक लावलास तर होशील तू पन," गजाभाऊ म्हणाले. सगळे हसले. पांडू गेले.

तेव्हापासून तो कायदाच झाला. घरच्या बाईनं मागच्या दारानं यायचं, आपल्या माणसाचा पेला फळीवर उपडा घालायचा. तो तसा आहे तोवर त्याला 'लंगर'मध्ये चहा, सोडा, मासळी, काहीही मिळे, दारूचा थेंब मिळत नसे. बाईला वाटलं की तिनंच येऊन तो पुन्हा हुकाला टांगायचा. पांडूंनी महिनाभरानं आपल्या बहिणीला पढवून पाठवलं. ती पदर सावरत आली आणि पेल्याला हात घालणार, तोच गजाभाऊंनी तिला थांबवलं. "जिनं उपडा घातला तिनंच टांगायचा, बाय. दुसऱ्या कुणाच्या हातानं चालायचं नाय. उद्या माझी आय वरनं उतरली तरी नाय." पुढे हा नियम त्यांनी कुणासाठीही वाकवला नाही. गावात 'बायकांचा बार' म्हणून टिंगल झाली. काही माणसं नाक्यावरच्या दुसऱ्या बारकडे वळली आणि त्यांतली बरीच परत आली, कारण तिकडे जातो म्हटलं की घरात बाई विचारी, "का? गजाभाऊंकडे काय झालं?" शिमग्यात पालखी घरी यायच्या आदल्या दिवशी 'लंगर'च्या मागच्या दारी बायकांची रांग लागे. सणापुरते पेले टांगले जात. एकीनं टांगताना नवऱ्याला सगळ्यांदेखत सुनावलं होतं, "पौर्णिमेपर्यंत. नाचा काय नाचायचं ते!"

गजाभाऊ स्वतः घंटा वाजवून झाल्यावर एकच पेला बिअर घेत, त्या निळ्या काठाच्या पेल्यातून. ही सवय लिव्हरपूलची. दोन-तीन वर्षांनी एकाचे दोन झाले. पुढे दुपारचाही सुरू झाला. ते कधी झिंगले नाहीत की कुणाला वेडंवाकडं बोलले नाहीत, पण हात थरथरू लागला आणि ओतताना बिअर काउंटरवर सांडू लागली. एका जुलैत, भर दुपारी, शालिनीवहिनी हात पुसत स्वयंपाकघरातून आल्या, निळ्या काठाचा पेला हुकावरून काढला आणि फळीवर उपडा घातला. त्या वेळी मी समोर चहा घेत होतो. पांडूंनी टेबलावर थाप मारली. "सारंगावर वॉरंट निघालं रे!" हसण्याचा गोंधळ उडाला. गजाभाऊ हसले नाहीत. "गिऱ्हाइकांदेखत?" एवढंच म्हणाले. वहिनी म्हणाल्या, "त्यांच्या बायका कुणादेखत घालतात? गणपती जाऊ देत, मीच टांगीन."

गजाभाऊंनी पेल्याला हात लावला नाही. पण ते बायकोशी बोलायचे थांबले. मासळीचं ताट मागायचं तर स्वयंपाकघराच्या खिडकीतून "दोन मांदेली" एवढंच, तेही तोंड दुसरीकडे करून. ऑगस्टमध्ये वहिनी खेडला बहिणीकडे गेल्या. बहिणीच्या सुनेचं बाळंतपण होतं. निघतानाही हे दोघे बोलले नाहीत, असं त्यांची मुलगी मीना सांगते. मीना लग्न होऊन ठाण्याला असते. ती त्या आठवड्यात माहेरी होती. खेडला वहिनींना कावीळ झाली आणि ती चढत गेली. निरोप आल्यावर गजाभाऊ मिळेल त्या एसटीनं गेले. दवाखान्यात वहिनी शुद्धीवर होत्या. त्यांनी नवऱ्याला ओळखलं आणि पहिलं विचारलं, "पेला?"

"हाय तसाच."

"घरी गेले की टांगते हां..."

हे संभाषण मला गजाभाऊंनी सांगितलं. ते त्यांनी कुणी न विचारता सांगितलं आणि पुन्हा कधी त्याचा उल्लेख केला नाही. वहिनी घरी आल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी खेडलाच गेल्या.

तेराव्यानंतर 'लंगर' उघडला. पहिल्या संध्याकाळी घंटा वाजवून झाल्यावर गजाभाऊ काउंटरपाशी नुसतेच उभे राहिले. मीना तेव्हा तिथे होती. तिनं विचारलं, "बाबा, मी टांगू?" त्यांनी मान हलवली. "तुझ्या हातानं उपडा नाय झालाय तो." पुढे रखमाही येऊन म्हणाली, "भाऊ, शालूताई मना बहिणीसारखी. मी टांगते. तुमचं काय ते बोलणं राहिलं असंल ते मिटून जाईल." तिलाही त्यांनी तेच सांगितलं. पांडूंनी एकदा चिडून विचारलं, "तुमचा कायदा, तुम्हीच मालक. तुम्हाला कोण बोलणाराय?" गजाभाऊ म्हणाले, "टांगते म्हणाली होती ना ती..." त्यानंतर हा विषय 'लंगर'मध्ये कुणी काढला नाही. वर्षांमागून वर्षं त्यांनी दुसऱ्यांचे पेले भरले आणि स्वतः कशालाही तोंड लावलं नाही. रोज सकाळी सगळे पेले उतरवून राखेनं घासत. तो एक तेवढा जागेवरून हलवत नसत, भोवतालून फडका फिरवत.

'लंगर'चं पुढचं थोडक्यात सांगता येईल. नाक्यावर व्हिडिओ लावणारे बार आले. तरुण मुलं आखातात गेली आणि सुट्टीवर येताना आपल्याच बाटल्या आणू लागली. म्हातारी माणसं एकेक करून कमी झाली. त्यांचे पेले गजाभाऊंनी हुकांवरून काढले नाहीत. त्यामुळे नव्या माणसाला हूक मिळेना आणि नवी माणसं ग्लासातून पिऊन निघून जाऊ लागली. मी शेवटचा त्यांना भेटलो तो नोव्हेंबरातल्या एका दुपारी. बारमध्ये दुसरं कुणी नव्हतं. फडका फिरवता फिरवता म्हणाले, "लिव्हरपूलची ती बाई मला हूक द्यायला अख्खा हिवाळा का थांबली, ठाव हाय? तो हूक तिच्या घोवाचा होता. तिथल्या एका माणसानं मला मागाहून सांगितलं. त्याचा पेला काढून तिनं माझा लावला..." फडका खांद्यावर टाकून म्हणाले, "तिला जमलं." त्यांनी मला आणखी अर्धा कप चहा दिला.

दहाव्याला खाडीकाठी पंचवीस-तीस माणसं होती, त्यांत निम्म्या बायका. गजाभाऊंच्या पुतण्यानं पिंड ठेवले. माणसाची मागे राहिलेली इच्छा कुणी पुरी करीन म्हटलं की कावळा शिवतो, असं आपल्याकडे मानतात. कावळे समोरच्या माडांवर बसलेले होते. पुतण्या हात जोडून म्हणाला, मीनाचं माहेर तुटू देणार नाही. कावळा आला नाही. पांडूंनी बिअरची बाटली आणली होती, पानाशेजारी ग्लास भरून ठेवला आणि म्हणाले, "घ्या सारंग, आता कसला कायदा?" कावळा आला नाही. 'लंगर' चालू ठेवू, असं दोघा-तिघांनी सांगून पाहिलं. ऊन चढत गेलं. शेवटी मीना पुढे झाली. "बाबा, तो पेला मी टांगते. आईच्या वतीनं टांगते. चालेल?" सगळे माडांकडे पाहत राहिले. एक कावळा उतरून वाळूवर आला, थोडा अलीकडे आला आणि उडून गेला. रखमा पदर तोंडात धरून रडायला लागली. "शालूताई नाय तर कोण टांगणार रे बाबा..." एवढंच तिच्या तोंडून आलं. आणखी बराच वेळ थांबून गुरुजींनी दर्भाचा कावळा केला आणि तो पिंडाला लावला.

मीना ठाण्याला जाण्यापूर्वी बायका मागच्या दारानं आल्या आणि आपापल्या माणसांचे पेले घेऊन गेल्या. रखमानं पांडूंचा पेला नेला. घंटा पुतण्याकडे आहे. परवान्याची मुदत मार्चअखेर संपते आणि तो पुढे चालवण्यासाठी अर्ज केलेला नाही. बारची किल्ली रखमाकडे असून ती शनिवारी झाडायला जाते. गेल्या शनिवारी मी तिच्याबरोबर आत गेलो. हूक सगळे रिकामे आहेत. फळीवर निळ्या काठाचा एक पेला आहे. तो उपडा आहे.