चोविसावी पुंगळी

पोलीस ठाण्यात माझ्या शेजारी बसलेले एक म्हातारे शेतकरी कापडी पिशवीतून बंदुकीच्या रिकाम्या पुंगळ्या काढून टेबलावर एकेक उभी करत होते. रानडुकरांपासून भात राखायला त्यांच्याकडे परवान्याची बंदूक आहे. उडवलेल्या काडतुसांच्या पुंगळ्या दाखवल्याशिवाय त्यांना नवी काडतुसं मिळत नाहीत.

हवालदाराने बोट फिरवत मोजलं. "आजोबा, नेली होती चोवीस. या पुंगळ्या तर तेवीसच."

"एक चिखलात गेली, साहेब. दोन दिस धुंडलंय, गावलीच नाय."

"मग तसं लिहून द्या."

त्यांनी माझ्याकडे पेन मागितलं. नखांत अजून चिखल होता.

ही मोजणी वाईट, असं मी कुठल्या तोंडाने म्हणू? घराघरांत काडतुसांचे ढीग नकोतच. या मर्यादेमुळे कुठे एखादा जीव वाचलाही असेल; न झालेला खून कुणाला दिसतो? पण जो स्वतःहून पिशवी घेऊन येतो त्यालाच मोजायचं, ही सोय मला झोंबते. कमरेला गावठी कट्टा लावून फिरणारा कुठल्या टेबलाशी पुंगळ्या मांडायला येणार आहे?

तसल्याच कट्ट्याने माझ्या धाकट्या भावाला त्याच्या दुकानात मारलं. त्या खुनाचा तपास कुठवर आला हे विचारायला मी वर्षभर याच बाकावर येऊन बसतोय.

म्हाताऱ्यांनी अर्जावर सही केली. "पुढच्या खेपेला चालायचं नाही हं," हवालदार म्हणाला.

तो कट्टा कुठून आला, हे मला मात्र अजून कुणी लिहून दिलेलं नाही.