आठशे वर्षांची कमान

शहरापासून दीड तासावर तटबंदीचं एक जुनं गाव आहे. दर रविवारी मी तिथे बसभर माणसं घेऊन जातो. धंद्याने मी गाईड. हातात पिवळी छत्री आणि तोंडात चावून चावून चोथा झालेली माहिती. गाव इतकं शांत, की माझा आवाज या टोकापासून त्या टोकापर्यंत जातो. सांगायला लाज वाटते, पण मला त्याचा अभिमान होता.

वेशीची दगडी कमान हे आमचं शेवटचं ठिकाण. शेजारच्या घराच्या खिडकीखाली तेवढी सावली असते, म्हणून अकरा वर्षं मी तिथेच उभा राहून बोललो. "आठशे वर्षं झाली, या कमानीला माणसाचा हात लागलेला नाही! हल्लीच्या गवंड्याने बांधली असती तर उद्घाटनाची फीत कापायच्या आतच खाली आली असती!" यावर हशा ठरलेला. मग फोटो, मग बस.

एका रविवारी विनोदाच्या तोंडावरच मला ठसका लागला. मंडळी फोटो काढायला पांगली, तेवढ्यात त्या घराचं दार उघडून एक काकू पाण्याचा पेला घेऊन आल्या.

"आत बसून प्या," त्या म्हणाल्या. "हे बोलावतायत."

खिडकीला लागून पलंग होता आणि पलंगावर एक आजोबा पडलेले. कमरेखाली काही हालत नव्हतं. हात मात्र दुसऱ्याच कुणा धडधाकट माणसाचे असावेत असे.

"आवाज छान आहे तुमचा," ते म्हणाले. "दर रविवारी ऐकतो. ती कमान मी बांधलीय."

मी हसलो. म्हाताऱ्याने थट्टा केली असं वाटलं मला. ते हसले नाहीत.

चाळीस वर्षांपूर्वी वादळात कमान कोसळली होती. शहरातून आलेले इंजिनिअर म्हणाले, दगड उचला, रस्ता मोठा करा. आजोबा तेव्हा गावचे गवंडी, वय तिशीचं. ते हटूनच बसले. बेचाळीस दगड गोळा केले, एकेकावर खडूने आकडा घातला. एकोणीस फुटलेले निघाले. तेवढे त्याच खाणीतून नवे आणून घडवले. नवे दगड डोळ्यांत खुपू नयेत, त्यांच्यावर शेवाळ धरावं, म्हणून दोन वर्षं त्यांना आंबलेलं दूध चोळलं.

"घरात दुधाचा थेंब राहायचा नाही," काकू म्हणाल्या. "पाहुण्यांनासुद्धा कोरा चहा."

पुढे एका बंगल्याच्या कामावर ते परांचीवरून पडले आणि या पलंगावर आले, ते कायमचेच. आयुष्यात केलेल्या कामातलं आता ही कमानच काय ती उभी होती.

"नवे दगड कुठले, ते ओळखू येत नाही ना?" त्यांनी विचारलं.

"अजिबात नाही," मी म्हणालो. ते इतके खूश झाले की माझीच मान खाली गेली. अकरा वर्षं मी या माणसाच्या उशाशी उभा राहून गवंड्यांची टर उडवत होतो.

"एकदा सांगा की लोकांना," ते म्हणाले. "नाव नको. गावच्या एका गवंड्याने पुन्हा उभी केली, एवढंच. मला इथून ऐकू येईल."

"अहो, पुढच्याच रविवारी सांगतो!" मी त्यांचा हात हातात घेऊन शब्द दिला.

पुढच्या रविवारी नेमके आमच्या सहल कंपनीचे मालक सोबत आले. आमच्या पत्रकावर 'आठशे वर्षं' सगळ्यात वर, ठळक अक्षरांत छापलेलं. खिडकी सताड उघडी होती. आजोबांना उशांना टेकवून बसवलं होतं. दाढी केलेली, अंगात इस्त्रीचा सदरा. मला पाहून त्यांनी मान हलवली.

मी तोंड उघडलं, मालकांकडे पाहिलं, आणि जीभ आपली नेहमीच्या रस्त्याने चालू लागली. आठशे वर्षं. माणसाचा हात नाही. आणि तो गवंड्याचा विनोद! तोही गाळला नाही मी. असा हशा पिकला की मालकांनी माझी पाठ थोपटली. खिडकीकडे बघायची माझी हिंमत झाली नाही. बरं, खरं बोललो असतो तर मालकांनी काय केलं असतं? फार तर कपाळाला आठी घातली असती. नोकरीची भीती होती असंही मला म्हणता येत नाही.

पुढचे तीन रविवार मी मंडळींना विहिरीपाशी, भर उन्हात उभं केलं. चौथ्या रविवारी मनाचा हिय्या करून खिडकीखाली गेलो आणि सगळं सांगितलं. वादळ, बेचाळीस दगड, एकोणीस नवे, दूध, गावचा गवंडी. लोकांचे चेहरे पडले. एका बाईंनी वर धरलेला मोबाइल पर्समध्ये टाकला. "म्हणजे कमान जुनी नाहीच?" कुणीतरी म्हणालं. मी दुप्पट आवाजात पहिल्यापासून सांगितलं. खिडकी उघडी होती, पण आतून हूं की चूं नाही.

दार उघडून काकू पायरीवर आल्या. पाण्याचा पेला त्यांनी माझ्या हातात दिला.

"घसा कशाला फोडताय?" त्या म्हणाल्या. "त्यांना ऐकू जायचं नाही. त्या दिवसापासून रविवार उजाडला, की माझ्याकडून कानांत कापूस घालून घेतात."