वहिनीचा डेमो तास

दुपारी हिरवे पडदे ओढले की आमच्या लातूरच्या घरात झोपाळू उजेड पसरायचा. वहिनी लोखंडी कपाटाच्या दारावर खडूनं लिहायची आणि मी, तिची नणंद, एकुलती एक विद्यार्थिनी, गादीवर लोळत ऐकायची. माझा भाऊ गेला तेव्हा तिनं शिकवणं सोडलं होतं. आता दुसऱ्या एका कॉलेजात नोकरीसाठी डेमो तास द्यायचा होता. जमलं तर ती इथंच राहणार, नाही तर तिचे वडील तिला माहेरी बिलोलीला घेऊन जाणार. मला ती इथंच हवी होती, बस्स!

विषय कॉम्प्युटरचा, फंक्शनल प्रोग्रॅमिंग. मला त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं.

"फंक्शनला एक माणूस आत द्यायचा, एक माणूस बाहेर येतो," ती सांगायची. "'आई' हे एक फंक्शन. कुणालाही लाव, त्याची आई मिळते. 'भाऊ' हे दुसरं. आता आधी आई लाव, मग भाऊ. कोण आलं?"

"मामा!"

"बघ, दोन जोडून तिसरं तयार झालं. आता हा मामा सगळ्या गावाला चालतो. उलटं लाव, आधी भाऊ, मग आई?"

"आपलीच आई की! काय बी विचारता, वहिनी."

"म्हणून क्रम बघायचा."

माझे डोळे मिटायचे. माणसं एका दारातून आत जायची, दुसऱ्यातून वेगळीच होऊन निघायची. तिचा आवाज लांबून येत राहायचा. लई गोड झोप लागायची, खरं सांगते. एवढं मात्र ध्यानात आलं होतं, की आई, बाप, भाऊ सगळे कपाटाच्या दारावर यायचे, 'नवरा' कधीच नाही. मीही विचारलं नाही.

डेमोला मी मागच्या बाकावर बसले. मामापर्यंत झकास झालं. मग एक सर सहज म्हणाले, "मॅडम, 'नवरा' असं फंक्शन लिहिलं आणि त्या बाईला नवराच नसला, तर?"

त्यांना काय माहीत! तरी असा राग आला मला.

वहिनीचा खडू थांबला. मग तिनं फळ्यावर लिहिलं, 'काहीच नाही'.

"हेही उत्तरच आहे, सर. ते आधीच धरून फंक्शन लिहायचं. मग पुढं काहीही जोडलं तरी प्रोग्रॅम कोसळत नाही." एवढं बोलून तिनं लगेच पुढचं उदाहरण घेतलं.

"सोमवारपासून या," तास संपल्यावर तेच सर म्हणाले.

रिक्षात मीच ढसाढसा रडले. ती बाहेर बघत होती.

"झालं का रडून?" ती म्हणाली. "मला लई भूक लागली. गरम भजे खाऊ."

भाऊ गेल्यापासून तिनं आपणहून काही मागितलं नव्हतं.

"थांबवा हो, थांबवा!" मी रिक्षावाल्यावर ओरडलेच.